साक्षीदार म्हणून साहित्य : गिरणगावचा संघर्ष आणि मराठी लेखन

(१)

'साहित्य हा समाजाचा आरसा होय' हे विधान मराठीच्या पदव्युत्तर वर्गात इतक्या वेळा उच्चारले जाते की, त्याची तपासणी करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. विद्यार्थी ते परीक्षेच्या उत्तराचा प्रारंभ म्हणून लिहितो, प्राध्यापक ते प्रस्तावना म्हणून सांगतो आणि त्यानंतर इतिहासाच्या पुस्तकातून घेतलेल्या घटनांची यादी व कादंबरीतून वा नाटकातून घेतलेल्या प्रसंगांची यादी शेजारी शेजारी मांडली जाते. दोन्ही याद्या जुळल्या की साहित्यकृती 'वास्तववादी' ठरते. न जुळल्यास ती 'कल्पनारम्य' किंवा 'एकांगी' ठरते. या पद्धतीत साहित्याला स्वतःचे म्हणून काही सांगावयाचे असते, ही शक्यताच उरत नाही. इतिहासाने आधी सांगितलेले पुन्हा एकदा, जरा अधिक रसाळपणे सांगणे एवढेच त्याचे काम उरते.

या कल्पनेची मुळे जुनी आहेत. वंश, परिस्थिती आणि काळ या तीन घटकांतून वाङ्मयाची उकल करू पाहणाऱ्या तेन या फ्रेंच समीक्षकाचा मराठी समीक्षेवर दीर्घकाळ प्रभाव राहिला. पुढे मार्क्सवादी विचारातून आलेल्या प्रतिबिंब-सिद्धान्ताने त्याला वर्गसंघर्षाची जोड दिली. याच्या विरुद्ध टोकाला, साहित्याचा विषय सनातन मनुष्यस्वभाव हाच असून संप, दंगे, बेकारी या गोष्टी प्रासंगिक होत, असे मानणारा पक्षही मराठीत सदैव राहिला आहे. काव्य जे घडू शकेल ते सांगते आणि इतिहास जे घडले ते, हा ॲरिस्टॉटलने केलेला भेद हा पक्ष आपल्या सोयीसाठी वापरतो. दोन्ही पक्षांचे वरवर कितीही वैर दिसले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे : मनुष्यस्वभाव आणि सामाजिक संघर्ष या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि साहित्याने त्यांपैकी एकीची निवड करावयाची आहे.

ही विभागणी किती पोकळ आहे, हे पाहण्यासाठी मुंबईतील गिरणगावासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. ताडदेव येथे १८५४ साली कावसजी दावर यांच्या पुढाकाराने कापडगिरणीची कंपनी उभी राहिली. तेव्हापासून परळ, लालबाग, वरळी, नायगाव, दादर या परिसरात भोंग्याच्या तालावर जगणारी जी वसाहत वाढत गेली, तिने सव्वाशे वर्षांत संप, जातिसंघर्ष, भाषिक राज्याचा लढा, राजकीय हत्या, टोळीयुद्धे आणि अखेर स्वतःचा अस्त असे सर्व काही पाहिले. या वसाहतीविषयी इतिहासकारांनी लिहिले, कवी-कादंबरीकार-नाटककारांनी लिहिले आणि तेथे राहिलेल्या माणसांनी आपल्या हकिकतीही सांगितल्या. हे तीन प्रकारचे लेखन एकमेकांशी अनेक ठिकाणी जुळत नाही. जेथे ते जुळत नाही, तेथेच माणसाच्या स्वभावाविषयी आणि समाजातील संघर्षाविषयी सर्वांत अधिक कळते. म्हणून साहित्याला आरसा न मानता साक्षीदार मानावे आणि साक्षीदाराप्रमाणेच त्याची उलटतपासणीही करावी, हे अधिक युक्त होय.

(२)

पहिले उदाहरण धोट्याचे घेता येईल. १९२८ सालच्या एप्रिलमध्ये सुरू होऊन सहा महिने चाललेला मुंबईच्या गिरण्यांतील सार्वत्रिक संप हा भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासातील एक मोठा टप्पा मानला जातो. याच संपात लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचा जन्म झाला. सुमारे दीड लाख कामगार एकजुटीने उभे राहिले, ही त्या संपाची ऐतिहासिक प्रतिमा आहे आणि ती खोटी नाही.

परंतु त्याच गिरण्यांच्या विणकाम-खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. जुन्या साच्यांवर धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने तोंड लावावयाचे, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी त्या खात्याची दारे बंद ठेवली होती. विणकाम-खात्यातील मजुरी सूतकताईच्या खात्याहून चांगली. त्यामुळे विटाळाच्या या कल्पनेने धार्मिक समजुतीबरोबर रोजच्या भाकरीचेही रक्षण होत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला, आणि विणकाम-खात्यातील प्रवेशाची मागणी संपाच्या मागण्यांत समाविष्ट करून घेण्यास नेत्यांना काहीसे नाइलाजानेच तयार व्हावे लागले.

येथे मनुष्यस्वभाव कोठे संपतो आणि सामाजिक संघर्ष कोठे सुरू होतो? मालकाविरुद्ध जिवावर उदार होऊन उभा राहणारा कामगार आणि शेजारच्या कामगाराच्या तोंडचा धोटा नाकारणारा कामगार हे दोन निराळे मनुष्य नव्हेत. एकाच माणसाच्या ठायी धैर्य आणि क्षुद्रता एकत्र नांदत होती. ती क्षुद्रता उपजत होती असेही म्हणता येत नाही. जात, मजुरीतील फरक आणि यंत्राची रचना या तिघांनी मिळून तिला आकार दिला होता. पुढे स्वयंचलित साधने आली, तोंड लावण्याची गरज कमी झाली. पण तेवढ्याने मने पालटली नाहीत. उलट, १९३८ साली औद्योगिक विवादांच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते ७ नोव्हेंबरच्या एक दिवसाच्या संपात एकत्र आले, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. स्वभाव ही स्थिर वस्तू असती तर असे घडले नसते.

मराठी साहित्याने या बाबतीत काय साक्ष दिली? मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांच्या जीवनाला कादंबरीत स्थान दिले आणि १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीला 'धावता धोटा' हे नाव दिले. पांढरपेशा वाचकाला गिरणीच्या दारापर्यंत घेऊन जाण्याचे हे कार्य त्या काळी धाडसाचेच होते. परंतु कामगाराने कामगारावर केलेला जातीचा आघात हाच कथेचा मध्यबिंदू व्हावा आणि तो आघात सोसणाऱ्याच्या बाजूने सांगितला जावा, यासाठी वाचकाला आणखी तीन दशके थांबावे लागले. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा नायक गिरणीतला नसून रेल्वेतला आहे. आपली जात लपवून तो परगावी नोकरीवर रुजू होतो आणि जात उघड होताच सोबतचे कामगारच त्याला मारतात. कामगारांच्या एकजुटीची गीते ज्या काळात गायिली जात होती, त्याच काळातील हे लेखन आहे. १९२८च्या संपाचा इतिहास वाचताना बागुलांची कथा शेजारी ठेवली तर त्या इतिहासातील मागण्यांची यादी निराळी दिसू लागते. ती कथा त्या संपाचे चित्रण नव्हे, परंतु यादीतील एका नाइलाजाने स्वीकारलेल्या मागणीमागे काय दडले होते, याची ती साक्ष आहे.

(३)

दुसरे उदाहरण कामगाराच्या प्रतिमेचे आहे. नारायण सुर्वे यांना गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने वाढविले. मिळेल ते काम करीत ते पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२), 'माझे विद्यापीठ' (१९६६) आणि 'जाहीरनामा' (१९७५) या संग्रहांतून त्यांनी मराठी कवितेत जो माणूस आणला, तो तोवर कवितेच्या उंबरठ्याबाहेर होता. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रयुगातील गर्दी दिसते. सुर्व्यांच्या कवितेत त्या गर्दीतल्या माणसाला नाव, गाव, नाते आणि बोली मिळते. शाळेत मुलाचे नाव घालावयास आलेली स्त्री, छापखान्यातील कामगार, संपातला सोबती हे सारे बोलतात, आणि कवी बहुधा ऐकत असतो. हा माणूस दुःखात असला तरी उद्याविषयी आशावादी आहे.

सुर्व्यांचेच समवयस्क भाऊ पाध्ये यांनी कामगार संघटनेत काम केले होते; त्या जगाचे दर्शन त्यांच्या 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) या कादंबरीत घडते. १९६५ साली आलेल्या 'वासूनाका'ने मात्र मराठी वाचकाला धक्का दिला. चाळीच्या नाक्यावर उभी राहणारी, काम नसलेली, शिवराळ भाषेत बोलणारी आणि मुलींच्या मागे हिंडणारी पोरे या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहेत. अश्लीलतेचा वाद उठला. त्या वादाच्या गदारोळात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली : ही पोरे सुर्व्यांच्या कवितेतील कष्टकऱ्यांच्याच वस्तीत वाढलेली आहेत. बापाला कामातून मिळणारी प्रतिष्ठा त्यांच्या वाट्याला आलेली नाही, आणि बापाचा लाल बावटाही त्यांना आपला वाटत नाही.

'वासूनाका' प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी, जून १९६६ मध्ये, शिवसेनेची स्थापना झाली. ५ जून १९७० रोजी लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक विजयी झाले. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यात घडलेला हा बदल इतिहासकाराला त्या निवडणुकीनंतर स्पष्ट दिसला. नाक्यावरच्या पोरांची बेचैनी कादंबरीकाराने मात्र पाच वर्षे आधी टिपली होती. जे अद्याप समोर आलेलेच नाही, ते कोणत्याही आरशात दिसू शकत नाही; त्यामुळे प्रतिबिंब-सिद्धान्ताला हे उदाहरण अडचणीचे ठरते. पाध्ये भविष्यवेत्ते होते असा याचा अर्थ नाही. त्या पोरांचे पुढे काय होणार हे 'वासूनाका' सांगत नाही. ज्यांच्याकडे पाहण्याची कोणत्याही पक्षाला, संघटनेला किंवा अभ्यासकाला गरज वाटत नव्हती, त्यांच्याकडे पाध्ये टक लावून पाहत राहिले, एवढेच.

सुर्वे खरे की पाध्ये खरे, हा प्रश्न मराठी समीक्षेत कधी उघडपणे तर कधी आडून विचारला गेला आहे. सुर्वे भाबडे आणि पाध्ये निष्ठुर, अशी विशेषणेही वाटली गेली आहेत. साक्षीदारांच्या न्यायाने पाहिले तर हा प्रश्नच चुकीचा ठरतो. दोघांनी एकाच वस्तीतील दोन भिन्न नाती पाहिली. सुर्व्यांनी माणसाचे कामाशी असलेले नाते पाहिले, पाध्यांनी बेकामपणाशी असलेले. काम हाती असताना जो माणूस उदार होतो, तोच काम नसताना हिंस्र का होतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर दोघांच्याही साक्षी हव्यात. शिवाय त्या काळी शहरातील रोजगार कोणत्या गतीने बदलत होता, हे सांगणारा इतिहासही हवा.

(४)

तिसरे उदाहरण संपाचे, आणि ते सर्वांत दुखरे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला. पगारवाढ आणि बोनस यांबरोबरच, १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटना म्हणून राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळालेला एकाधिकार मोडावा, ही या संपाची मागणी होती. वर्ष उलटून गेले तरी संप चालूच राहिला, आणि तो विधिवत मागे घेतला गेला असे कधीच झाले नाही. तो विरत गेला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनींविषयी १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. २००१ साली त्यात बदल झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य ठरविला. चिमण्यांच्या जागी मनोरे आणि व्यापारी संकुले उभी राहिली. मालक, सरकार, संघटना, कायदा आणि जमिनीचा भाव हे या इतिहासातील मुख्य घटक होत.

जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी जानेवारीत डॉ. सामंतांची हत्या झाली होती. नाटक गिरणीच्या फाटकावर घडत नाही. ते चाळीतील एका खोलीत घडते. संपाने उद्ध्वस्त केलेल्या एका कुटुंबात आई आहे, मुले आहेत. एकाला लेखक व्हावयाचे आहे, दुसरा टोळीच्या वाटेने निघाला आहे. मालक मंचावर येत नाही, सरकार येत नाही. ज्यांच्याविरुद्ध राग काढावयाचा ते आवाक्यात नाहीत. म्हणून तो राग त्याच खोलीतल्या माणसांवर उलटतो. भाऊ भावाला बोलतो, मुलगा आईला बोलतो आणि पराभवाचे खापर घरातल्याच कोणाच्या तरी डोक्यावर फुटते. सामाजिक संघर्षाचे हे रूपांतर इतिहासाच्या पानांवर सहसा आढळत नाही, कारण खोलीतल्या भांडणाचा दस्तऐवज कोठे ठेवला जात नाही. संपाचा शेवट कोणत्या तारखेला झाला हे इतिहासाला सांगता येत नाही. तो शेवट रोज संध्याकाळी थोडा थोडा कसा होत गेला, हे नाटक सांगते.

'साहित्याचा विषय मनुष्यस्वभाव' असे म्हणणाऱ्यांनी येथे थांबून पाहावयास हवे. संपाच्या काळात एखादा कामगार लपून कामावर जातो. त्याला फितूर म्हणावे, भित्रा म्हणावे की घरात दाणा नसलेला बाप म्हणावे? संघटनेला पहिला शब्द वापरावाच लागतो. तिच्या दृष्टीने तोच बरोबर आहे, कारण एकेकाने असे केले तर कोणाचाच लढा टिकणार नाही. शेजाऱ्याला तिसरा शब्द सुचतो. त्या माणसाला स्वतःला तिन्ही शब्द एकाच वेळी ऐकू येत असतात. भय, लोभ, निष्ठा, लाज यांना निराळे काढून तपासता येत नाही. ती एखाद्या निवडीच्या क्षणीच प्रकट होतात, आणि ती निवड कोणापुढे, कोणत्या भावात आणि किती दिवसांच्या उपासानंतर आली यावर त्यांचे रूप ठरते. मनुष्यस्वभाव सनातन असेलही. पण तो नेहमी कोणत्या तरी खोलीत, कोणत्या तरी महिन्याच्या अखेरीस दिसतो.

मात्र साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली, आणि 'अधांतर'चीही ती व्हावयास हवी. नाटकाला तीव्रता लागते. त्यामुळे टोळीकडे वळलेला मुलगा नाट्यदृष्ट्या अटळ ठरतो. नाटकात तो एका कुटुंबातला एक मुलगा आहे. २०१० साली या नाटकावर आधारलेला 'लालबाग परळ' हा चित्रपट आला, आणि लोकांच्या मनात 'गिरणी कामगाराचा मुलगा म्हणजे गुंड' हे समीकरण अधिकच घट्ट झाले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यासारख्या मौखिक इतिहासातून निराळे चित्र उभे राहते. असंख्य कामगार भाजी विकू लागले, पहारेकरी झाले, यंत्रमागांवर कमी मजुरीने राबले किंवा कोकणात आणि घाटावर आपल्या गावी परतले. त्यांच्या आयुष्यात नाट्यमय असे काही घडले नाही. ते हळूहळू झिजत गेले. रंगमंचाला झिजणे दाखविणे कठीण जाते, आणि म्हणून जे बहुसंख्यांच्या वाट्याला आले तेच साहित्यात अल्पसंख्य ठरले. इतिहासाने साहित्याला येथे अडवून प्रश्न विचारला पाहिजे. पवारांनी पुढे कथेकडे वळून या झिजण्याला वाट करून दिली. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या त्यांच्या संग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लोअर परळच्या ज्या फिनिक्स गिरणीच्या जागी झगमगते व्यापारी संकुल उभे राहिले, तिचे नाव या शीर्षकातून आठवल्याशिवाय राहत नाही.

(५)

इतिहास आणि साहित्य या दोघांनीही ज्यांना पुरेसे ऐकले नाही, असा एक मोठा वर्ग उरतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाइतके होते; पुढे ते सतत घटत गेले. गिरणीबाहेर, एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांवर तर सारे गिरणगाव उभे होते. संपात कामगाराचा पगार थांबला तरी खानावळीचे ताट थांबत नसे. उधारी त्या बाईच्या वहीत चढत जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, यामागे अशाच संपकाळातील कर्जबाजारीपणाचा अनुभव होता. संप किती दिवस टिकला याचे श्रेय इतिहासकार नेत्याला आणि संघटनेला देतो. त्या दिवसांचा खर्च कोणाच्या चुलीवर पडला, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

उषाताई डांगे यांच्या आत्मकथनाचे नाव 'पण ऐकतं कोण?' असे आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' या कादंबरीची आठवण हे शीर्षक करून देते. हरिभाऊंनी पांढरपेशा घरातील मुलीच्या दुःखाला तिच्याच तोंडून वाचा दिली. उषाताईंनी मोर्चे आणि संप यांच्या गदारोळात वावरलेल्या स्त्रीलाही हाच प्रश्न विचारावा लागतो, हे दाखवून दिले. गिरणी कामगार स्त्रियांत काम केलेल्या पार्वतीबाई भोर यांची 'एका रणरागिणीची हकिकत' हीही याच जातीची साक्ष होय. ही पुस्तके अभ्यासक्रमात आलीच तर 'स्त्रियांची आत्मचरित्रे' या घटकात येतात. कामगार चळवळीच्या इतिहासाची वा कामगार साहित्याची साधने म्हणून ती क्वचितच वाचली जातात.

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. साहित्याला साक्षीदार ठरविले की त्याचे साहित्यपण हरपते, कविता म्हणजे कागदपत्र होते, अशी भीती सौंदर्यवादी समीक्षकाला वाटेल. परंतु साक्ष म्हणजे केवळ मजकूर नव्हे. ती कशी दिली गेली हाही साक्षीचाच भाग असतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि पोवाडा, लावणी, वग हे प्रकार मैदानावरच्या हजारो श्रोत्यांसाठी वापरले, तेव्हा त्या रूपांनीच सांगितले की हा श्रोता वाचक नाही आणि तो एकटा नाही. सुर्व्यांच्या कवितेतील बोलण्याची लय, पाध्यांच्या कादंबरीतील नाक्यावरची भाषा, पवारांच्या नाटकातील एकाच खोलीची मर्यादा ही सारी रूपे त्या त्या काळच्या माणसांच्या परस्परसंबंधांबद्दल बोलतात. मैदानापासून नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून खोलीपर्यंत झालेला हा रूपांचा प्रवास गिरणगावच्या आकुंचनाचाच इतिहास होय. रूपाकडे बारकाईने पाहिल्याशिवाय तो वाचता येत नाही. म्हणजे साक्षीचा आग्रह धरणाऱ्याला सौंदर्यविचार टाळता येत नाही.

(६)

याचा वर्गातील अध्यापनाशी थेट संबंध आहे. एका प्रश्नपत्रिकेत 'दलित साहित्य', दुसरीत 'नाटक', तिसरीत 'आधुनिक कविता' आणि चौथीत 'आत्मचरित्र' अशी वाटणी झाली की बागुल, पवार, सुर्वे आणि उषाताई एकमेकांना कधी भेटतच नाहीत. प्रत्यक्षात त्यांचे साक्षीक्षेत्र काही मैलांचे आहे. अण्णाभाऊंनी १९५८ साली ज्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले, ते दादरलाच भरले होते. पुस्तके छापली जात ती गिरगावात, मौजेसारख्या प्रकाशनसंस्था तेथेच. १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघही तेथेच. साहित्याचा बाजार आणि साहित्याचा विषय यांत अंतर होते ते ट्रामच्या एका प्रवासाचे. पण लालबागच्या माणसाला स्वतःविषयी लिहिलेले वाचावयास आणि गिरगावच्या समीक्षकाला ते आपल्या परंपरेचे आहे असे मान्य करावयास दशके लागली. ही दशके का लागली, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे, आणि वाङ्मयप्रकारांच्या वाटणीत तो नाहीसा होतो.

यावर उपाय फार अवघड नाही. एखादा विषय, एखादी वस्ती किंवा एखादा संघर्ष केंद्रस्थानी ठेवून त्याभोवती कथा, नाटक, कविता, आत्मकथन, कायद्याचे कलम आणि मौखिक मुलाखत एकत्र वाचावी. विद्यार्थ्याला 'या कृतीत समाजाचे प्रतिबिंब कसे पडले आहे?' असे न विचारता, 'हे साक्षीदार कोठे परस्परांशी विसंगत आहेत आणि ते का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिकेत सापडते. दुसऱ्याचे शोधावे लागते.

या कामाला घाई आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला साचेवाला आज सत्तरीच्या घरात आहे. १९७४चा संप पाहिलेली खानावळवाली त्याहूनही थकलेली असेल. परळ आणि दादर येथील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना या साक्षीदारांपर्यंत पोहोचण्यासाठी परदेशी विद्यापीठांच्या अनुदानाची गरज नाही; बऱ्याचदा ते आपल्याच एखाद्या विद्यार्थिनीचे आजोबा किंवा आजी असतात. त्यांनी 'अधांतर' पाहिले असेल तर त्यांना ते कसे वाटले, आणि त्यांच्या खोलीत त्या दिवसांत काय बोलले गेले, हे विचारून लिहून ठेवणे हे संशोधनच होय. त्या साक्षी नोंदविल्या गेल्या नाहीत, तर उद्याच्या अभ्यासकाजवळ नाटकातील खोली तेवढी उरेल, आणि ती खोली खरी होती की नाही, हे त्याला कोणालाच विचारता येणार नाही.